मूडलचं अपग्रेड अर्ध्यात अडकलं? आधी हरवलेली फाइल शोधा

ठाण्यात नौपाड्याला आमचा मोडी लिपीचा छोटा वर्ग चालतो. शिकणारे कळव्यापासून घोडबंदरपर्यंत विखुरलेले आहेत. कुणी निवृत्त बँक कर्मचारी, कुणी जमिनीचे जुने दस्त वाचायला शिकणारे वकील. रोज भेटणं जमत नाही, म्हणून अर्धा वर्ग मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर, भरतो. गृहपाठ कागदावर लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि मूडलवर चढवायचा, अशी रीत तीन वर्षं चालू आहे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री मी मूडल ४.१ वरून ४.५ वर न्यायला बसलो. नव्या फायली सर्व्हरवर चढवल्या, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, आणि समोर आलं ते इन्स्टॉलेशनचं पहिलं पान. ‘भाषा निवडा’ असा रकाना आणि खाली ‘नेक्स्ट’चं बटण. वर्गाचं नाव नाही, कोर्स नाहीत, माणसं नाहीत. तीन वर्षांचं काम पुसलं गेलं असं वाटून पोटात गोळा आला.

काहीही पुसलं गेलं नव्हतं. एक छोटी फाइल जुन्या फोल्डरमध्ये राहून गेली होती, इतकंच. ती नव्या फोल्डरमध्ये ठेवली आणि साइट ओळखीची झाली. पण त्याआधीच्या दहा मिनिटांत मी ‘नेक्स्ट’ दाबत पुढे गेलो असतो, तर नसता गुंता झाला असता. शाळेची, क्लासची किंवा मंडळाची मूडल साइट सांभाळायची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अपग्रेड मोडतं तेव्हा बहुतेक वेळा कोडची एखादी फाइल जागेवर नसते. माणसांचा डेटा सुखरूप असतो. तो जातो तो नंतर घाबरून दाबलेल्या बटणांमुळे.

कुठे काय असतं

मूडल ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलं. त्याची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे, म्हणूनच आमच्यासारखे छोटे वर्ग ते वापरू शकतात. ते सर्व्हरवर तीन ठिकाणी राहतं आणि ही तीन ठिकाणं मनात पक्की असली की निम्मी भीती जाते.

पहिलं ठिकाण म्हणजे कोडचं फोल्डर. यात मूडलच्या स्वतःच्या हजारो फायली, तुम्ही बाहेरून आणून बसवलेले प्लगइन (जादा सुविधा देणारे जोड) आणि थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या) असतात, आणि अगदी वरच्या पातळीवर ‘कॉन्फिग डॉट पीएचपी’ नावाची एक फाइल असते. डेटाबेस कुठला, त्याचा पासवर्ड काय, साइटचा पत्ता काय, हे सगळं त्या फाइलीत लिहिलेलं असतं. मूडल डाउनलोड केलं तर ही फाइल त्यात येत नाही. ती तुमच्या साइटपुरतीच असते.

दुसरं ठिकाण डेटाबेस. नावं, गुण, कोर्सची रचना, प्रश्नपेढी, सगळं तिथे असतं.

तिसरं ठिकाण ‘मूडलडेटा’ हे फोल्डर. चढवलेले फोटो आणि पीडीएफ इथे असतात. ते कोडच्या फोल्डरपासून वेगळं, ब्राउझरमधून थेट पोचता येणार नाही अशा जागी असावं लागतं. त्या रात्री धीर यावा म्हणून मी ते उघडून पाहिलं आणि आणखीच घाबरलो. आत ‘फाइलडिर’ फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांची फोल्डरं, त्यांच्याही आत तशीच, आणि शेवटी चाळीस अक्षरांच्या अगम्य नावाच्या, एक्स्टेंशन नसलेल्या फायली. कुणाच्या गृहपाठाचं नाव कुठेच दिसेना. हे असंच असायला हवं. मूडल प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक ठसा काढतं आणि तेच तिचं नाव म्हणून वापरतं. मूळ नाव डेटाबेसमध्ये नोंदलेलं असतं. त्यातली एक फाइल डाउनलोड करून शेवटी ‘डॉट जेपीजी’ जोडलं, तर आमच्या एका काकांच्या वळणदार अक्षरातली बाराखडी उघडली. तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

अपग्रेडमध्ये आपण बदलतो ते फक्त पहिलं ठिकाण. नवं कोड बसलं की मूडल स्वतः डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीला जुळवून घेतं. मूडलडेटाला आपण हात लावायचाच नाही.

काहीही करण्याआधी

पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोटो काढा. एररचा मजकूर अक्षर न् अक्षर लागतो, आणि पान रिफ्रेश केलं की तो कधी कधी बदलतो.

मग आहे त्या मोडक्या अवस्थेचाही बॅकअप घ्या. अपग्रेडपूर्वीचा बॅकअप तुमच्याकडे असेलच. नसेल तर आत्ताच्या डेटाबेसची प्रत अधिकच गरजेची. होस्टिंगच्या पॅनेलमधल्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट करा आणि फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये असो की परदेशात, बॅकअपची एक प्रत आपल्या हाताशी हवी. ती उतरल्यावर तिचा आकार बघा. शून्य केबीची फाइल बॅकअप म्हणून जपून ठेवलेली मी पाहिली आहे.

क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळेला आपोआप चालणारं काम, बंद करा. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक ओळ टाका: ‘साइट दुरुस्तीसाठी बंद आहे, गृहपाठाची मुदत वाढवली आहे.’ ही ओळ टाकली की दर पाच मिनिटांनी येणारे फोन थांबतात आणि डोकं शांत राहतं.

पडदा काय सांगतोय

इन्स्टॉलेशनचं पान आलं असेल, तर मूडलला कॉन्फिग फाइल सापडलेली नाही. ती नसली की मूडलला वाटतं आपण पहिल्यांदाच बसतोय. ‘नेक्स्ट’ दाबू नका, ब्राउझर बंद करा. जुन्या कोड फोल्डरमधून कॉन्फिग फाइल नव्या फोल्डरच्या वरच्या पातळीवर कॉपी करा. ‘कॉन्फिग-डिस्ट’ नावाची एक लांबलचक फाइल पॅकेजमध्ये असते, तिच्याशी गल्लत करू नका. ती नुसता नमुना आहे.

‘डेटारूट’ नीट लावलेलं नाही असा संदेश आला, तर कॉन्फिग सापडली आहे, पण तिच्यात लिहिलेल्या मार्गावर मूडलडेटा नाही किंवा सर्व्हरला तिथे शिरता येत नाही. होस्टिंग बदलताना हे हमखास होतं. मार्ग दुरुस्त करा. नवं रिकामं फोल्डर तयार करून वेळ मारून नेऊ नका, कारण मग सगळे फोटो हरवल्यासारखे दिसतात.

पान नुसतंच पांढरं असेल, तर एरर आहे पण लपवलेली आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘एरर लॉग’ असतो, त्यातल्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे काही नसेल तर कॉन्फिग फाइलीत डीबग, म्हणजे एरर सविस्तर दाखवण्याची सोय, तात्पुरतं चालू करता येतं. त्यासाठीच्या ओळी कॉन्फिग-डिस्टमध्येच तयार आहेत. काम झालं की त्या आठवणीने काढा. एररमध्ये सर्व्हरचे आतले मार्ग दिसतात आणि ते परक्याने पाहण्यासारखे नसतात.

‘फेल्ड ओपनिंग रिक्वायर्ड’ किंवा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असं आलं, तर उत्तर त्याच ओळीत आहे. त्यातला लांब मार्ग उजवीकडून डावीकडे वाचा. सगळ्यात शेवटी हरवलेल्या फाइलीचं नाव, त्याच्या आधी तिचं फोल्डर. ते फोल्डर ‘लिब’, ‘अ‍ॅडमिन’, ‘कोर्स’ यांपैकी असेल तर मूडलचं स्वतःचं पॅकेज अपुरं चढलं आहे. अशा वेळी तेवढी एकच फाइल शोधून टाकायचा मोह होतो. तो आवरा. एक गायब आहे म्हणजे आणखी शंभर गायब असण्याची शक्यता मोठी, आणि त्या एकेक करून पुढच्या महिनाभर छळतील. पूर्ण पॅकेज पुन्हा चढवा. मार्गात एखाद्या बाहेरच्या प्लगइनचं नाव असेल तर दोष त्या प्लगइनपुरता आहे.

‘मिक्स्ड मूडल व्हर्जन्स डिटेक्टेड’ हा संदेश नेमका उलट्या रोगाचा: फायली कमी नाहीत, जास्त आहेत. नवं पॅकेज जुन्या फोल्डरवरच ओतलं की, नव्या आवृत्तीने काढून टाकलेल्या फायली मागे उरतात. मूडल त्या ओळखतं आणि पुढे जायला नकार देतं. त्याचा राग येतो, पण ते आपल्या भल्याचंच करत असतं. यावर उपाय एकच, तो पुढे येतो.

‘मिसिंग फ्रॉम डिस्क’ याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

‘मिसिंग फ्रॉम डिस्क’ आणि ते अनइन्स्टॉल

कॉन्फिग फाइल जागेवर गेली आणि माझं अपग्रेड सुरू झालं. मूडलने प्लगइनची यादी दाखवली. त्यात सर्टिफिकेट देणाऱ्या प्लगइनपुढे लिहिलं होतं, ‘मिसिंग फ्रॉम डिस्क’. म्हणजे डेटाबेसला हे प्लगइन माहीत आहे, पण त्याचं कोड फोल्डरमध्ये नाही. मी घाईने जुन्या फोल्डरमधून थीम आणली होती, सर्टिफिकेटचं प्लगइन विसरलो होतो.

अपग्रेड यामुळे थांबत नाही आणि धोका तिथेच आहे. सगळं सुरळीत पार पडल्यासारखं वाटतं. मग कोर्समध्ये ती अ‍ॅक्टिव्हिटी दिसेनाशी होते किंवा एरर देते. आपण प्लगइनची यादी उघडतो, तर ‘मिसिंग’ शेजारीच ‘अनइन्स्टॉल’ची लिंक असते. नीटनेटक्या माणसाला ती दाबावीशी वाटते. हरवलंच आहे, तर यादीतून काढून टाकू.

ते दाबलं की मूडल त्या प्लगइनची डेटाबेसमधली सगळी टेबलं आणि कोर्समधल्या त्याच्या सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटी काढून टाकतं. आमच्या बाबतीत, कुणाला कधी कुठलं सर्टिफिकेट दिलं, ही सगळी नोंद गेली असती. प्लगइन नंतर पुन्हा बसवलं असतं तरी ते रिकामंच आलं असतं. म्हणून पुन्हा लिहितो: ‘मिसिंग’ दिसलं की फाइल परत आणायची. अनइन्स्टॉल फक्त त्या प्लगइनचं, जे तुम्हाला खरंच नको आहे आणि ज्याचा डेटा गेलेला चालणार आहे.

परत कसं आणायचं? मूडलच्या प्लगइन संग्रहात जाऊन तुमच्या नव्या आवृत्तीला चालणारी झिप घ्या. जुन्या फोल्डरमधली प्रत आणली तर ती नव्या मूडलवर चालेलच असं नाही. झिप त्याच प्रकारच्या फोल्डरमध्ये उघडा: अ‍ॅक्टिव्हिटी ‘मॉड’मध्ये, ब्लॉक ‘ब्लॉक्स’मध्ये, थीम ‘थीम’मध्ये. आतल्या फोल्डरचं नाव नेमकं तेच हवं जे डेटाबेसमध्ये आहे. झिप उघडल्यावर नावापुढे आवृत्तीचा आकडा चिकटला असेल तर तो काढा. लिनक्स सर्व्हरवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही वेगळी मानली जातात. घरच्या विंडोजवर जे चालून जातं ते तिथे चालत नाही.

कधी कधी काही हरवलेलं नसतं, मूडलनेच ते काढलेलं असतं. ५.० मध्ये चॅट आणि सर्व्हे या अ‍ॅक्टिव्हिटी आणि अ‍ॅटो हा एडिटर मूळ पॅकेजमधून वगळला गेला. तुम्ही त्या वापरत असाल तर त्या आता स्वतंत्र प्लगइन म्हणून आणाव्या लागतात. आमच्या वर्गात चॅट कुणी उघडलंच नव्हतं, त्यामुळे पुढे जाताना ते विचारपूर्वक काढू.

फायली हरवतात कुठे

नवख्यांना वाटतं आपण काहीतरी चुकीचं क्लिक केलं. बहुतेकदा दोष प्रवासात असतो.

घरच्या कॉम्प्युटरवर झिप उघडून हजारो सुट्या फायली एफटीपीने (फायली एकेक करून सर्व्हरवर पाठवायच्या पद्धतीने) चढवणं ही सगळ्यात वाईट पद्धत. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन मिनिटं जाते, राउटर बंद पडतो आणि चार-दोनशे फायली अर्ध्याच चढतात. फाइलझिला वापरत असाल तर खाली ‘फेल्ड ट्रान्सफर्स’चा टॅब असतो. तो रिकामा असल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यापेक्षा झिप अख्खी चढवा आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये तिथल्या तिथे उघडा. एकच फाइल चढते, ती पूर्ण चढली की नाही हे आकारावरून लगेच कळतं. डाउनलोडच्या पानावर प्रत्येक पॅकेजचा तपासणी-कोडही दिलेला असतो, तो जुळवून पाहावा.

विंडोजवर आणखी एक खोड आहे. फाइलीचा पूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांपेक्षा लांब झाला की काही प्रोग्राम ती फाइल गुपचूप वगळतात. मूडलची फोल्डरं खोल आहेत. डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर’मध्ये ‘मूडल अपग्रेड मे’मध्ये झिप उघडली तर ही मर्यादा गाठली जाऊ शकते. अँटिव्हायरसही एखादी पीएचपी फाइल संशयाने उचलून बाजूला ठेवतो.

आणि सर्व्हरवरची जागा. नुसते जीबी बघू नका. स्वस्तातल्या होस्टिंगवर फायलींच्या संख्येलाही मर्यादा असते, पॅनेलमध्ये ती ‘आयनोड’ या नावाने दिसते. जुनं आणि नवं कोड शेजारी ठेवलं की ती भरते आणि झिप अर्धीच उघडते.

कोडचं फोल्डर नव्याने उभं करा

वरच्यापैकी कुठलाही पडदा असो, नक्की काय झालंय ते कळत नसेल तर पुढची रीत वापरा. तासाभराचं काम आहे.

१. मूडलडेटामध्ये ‘सीएलआयमेंटेनन्स’ नावाची एचटीएमएल फाइल (climaintenance.html) तयार करून तिच्यात ‘काम चालू आहे’ एवढं लिहा. ती असेपर्यंत कुणालाच साइट उघडता येत नाही, तुम्हालाही नाही.

२. चालू कोड फोल्डरचं नाव बदलून ‘मूडल-जुनं’ असं करा. पुसू नका.

३. मूळ नावाचं नवं रिकामं फोल्डर करा आणि त्यात फक्त नवं पॅकेज उघडा. झिपच्या आत आणखी एक ‘मूडल’ फोल्डर असतं. आत-आत दोन फोल्डर झाली नाहीत ना, ते बघा.

४. जुन्यातून कॉन्फिग फाइल आणा.

५. बाहेरच्या प्लगइनची यादी कागदावर लिहा. जुन्या आणि नव्या फोल्डरमधलं ‘मॉड’ शेजारी-शेजारी उघडा, जुन्यात जे जास्त आहे ते बाहेरचं. तसंच ‘ब्लॉक्स’, ‘थीम’, ‘लोकल’. प्रत्येकाची नवी आवृत्ती आणून ठेवा. माझी चूक याच पायरीवर झाली होती, म्हणून आता ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर ठेवतो.

६. फोल्डर आणि फायलींचे मालक व परवानग्या जुन्यासारख्या आहेत ना, पाहा. फाइल जागेवर असूनही सर्व्हरला वाचता येत नसेल तर मूडलच्या लेखी ती नाहीच.

७. मेंटेनन्सची ती फाइल काढा आणि अ‍ॅडमिन म्हणून साइट उघडा. आधी सर्व्हरची तपासणी दिसेल. ४.५ ला पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे ती) ८.१ तरी लागतं आणि जुनं मूडल किमान ४.१.२ असावं लागतं. ५.० साठी पीएचपी ८.२ आणि मूडल ४.२.३. पीएचपीचं ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ हे सेटिंग ५००० पाहिजे. तो आकडा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बदलता येतो. ४.१ आणि ४.५ दोन्ही पीएचपी ८.१ वर चालतात, म्हणून मी आधी पीएचपी बदललं, जुनी साइट त्यावर दोन दिवस चालवून पाहिली आणि मग मूडलला हात लावला.

८. प्लगइनची यादी आली की थांबा आणि वाचा. एकाही ओळीत ‘मिसिंग’ असेल तर मागे जा, ते आणा, पान पुन्हा उघडा. यादी स्वच्छ झाली की मगच अपग्रेडचं बटण.

५.१ वर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या आवृत्तीपासून कोडच्या आत ‘पब्लिक’ असं फोल्डर आलं आहे आणि सर्व्हरला त्याच्याकडे बोट दाखवावं लागतं. कॉन्फिग वरच राहते, प्लगइन मात्र ‘पब्लिक’च्या आतल्या फोल्डरांत जातात. जुन्या सवयीने वर ठेवले तर सगळेच ‘मिसिंग’ दिसतील. होस्टिंगवर हा बदल कसा करायचा ते आधी त्यांच्या मदतकेंद्राला विचारून ठेवा.

मागे फिरायचं असेल तर

जुनं कोड परत ठेवलं की झालं, असं नाही. अपग्रेडने डेटाबेस एकदा पुढे नेला की जुनं मूडल त्यावर चालायला नकार देतं, ‘कॅनॉट डाउनग्रेड’ म्हणतं. मागे फिरायचं तर जुनं कोड आणि अपग्रेडच्या आधीचा डेटाबेस दोन्ही एकत्र परत आणावे लागतात, आणि अपग्रेडनंतर कुणी चढवलेला गृहपाठ त्यात नसेल. म्हणूनच साइट बंद ठेवून काम करायचं. डेटाबेसला अजून हात लागलेला नसेल, म्हणजे अपग्रेडचं बटण दाबण्याआधीच अडचण आली असेल, तर मात्र फक्त फोल्डरचं नाव परत बदलून तुम्ही पाच मिनिटांत मूळ जागी येता.

सुरू झाल्यावर

कॅशे (मूडलने तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) साफ करा, क्रॉन पुन्हा चालू करा. मग अ‍ॅडमिन म्हणून नाही, एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्याने आत जा. एक जुना फोटो उघडा, एक गृहपाठ चढवून बघा, गुणपत्रिका पाहा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. रविवारी सकाळी मी हे करत असतानाच कळव्याच्या ताईंचा मेसेज आला, ‘दादा, गृहपाठ चढला.’

‘मूडल-जुनं’ हे फोल्डर महिनाभर ठेवा, पण वेबच्या फोल्डरबाहेर हलवून ठेवा. आत राहिलं तर कुणीही ब्राउझरमधून त्याचा पत्ता टाकून जुनं कोड तुमच्या नव्या डेटाबेसवर चालवू शकतं. तेवढ्यात काही कुरबूर आली नाही की ते पुसा. पुसण्याआधी कॉन्फिगची एक प्रत सुरक्षित जागी ठेवा. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे, त्यामुळे ती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने कुणाला पाठवू नका.